विश्लेषण : महागाई सर्वांना सारखी, पेन्शनवाढ काहींनाच का?

सरकारी निवृत्तांचे निवृत्तिवेतन वर्षातून दोनदा महागाईशी जुळवून घेतले जाते. ‘ईपीएस-९५’ची किमान पेन्शन मात्र सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपयांवरच थांबली आहे. हा फरक कुठून आला आणि निवृत्तांच्या हातात प्रत्यक्षात काय पडते?

ऑक्टोबर २०२५च्या पहिल्या दिवशी केंद्र सरकारने महागाई भत्ता आणि महागाई सवलतीत तीन टक्के वाढ जाहीर केली. १ जुलै २०२५ पासून हा दर ५५ वरून ५८ टक्के झाला. सुमारे ४९ लाख कर्मचारी आणि सुमारे ६९ लाख निवृत्तिवेतनधारकांना त्याचा लाभ झाला. पण एसटीचा निवृत्त चालक, साखर कारखान्यातला निवृत्त फिटर किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेला कारकून यांच्या पेन्शनमध्ये त्या निर्णयाने एक रुपयाचीही भर पडली नाही. डाळ, औषधे आणि गॅस सिलिंडर सर्वांना एकाच भावाने घ्यावे लागतात. भाववाढीची भरपाई कोणाला मिळणार, हे मात्र निवृत्त व्यक्ती कोणत्या योजनेत आहे, यावर ठरते.

महागाई सवलत म्हणजे नेमके काय?

नोकरीत असलेल्यांना मिळतो तो महागाई भत्ता, म्हणजे डीए. निवृत्तांना आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना त्याच दराने मिळते ती महागाई सवलत, म्हणजे डीआर. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत निवृत्तांसाठी ‘महागाई वाढ’ असा शब्द वापरला जातो. केंद्रात हा दर १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांपासून सुधारला जातो. घोषणा बहुधा मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि मधल्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून मिळतो. राज्याच्या निवृत्तांना मात्र केंद्राच्या घोषणेनंतर राज्याचा स्वतंत्र शासन निर्णय निघेपर्यंत थांबावे लागते.

ही सवलत मूळ निवृत्तिवेतनावर मोजतात. समजा, मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये आहे. ५५ टक्के दराने सवलत ११,००० रुपये होती, ती ५८ टक्क्यांनी ११,६०० झाली. म्हणजे महिन्याला ६०० रुपये वाढले. निवृत्तीच्या वेळी अंशराशीकरण करून, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून, एकरकमी पैसे घेतले असले तरी सवलत पूर्ण मूळ रकमेवरच मिळते. २०,००० पैकी ४० टक्के, म्हणजे ८,००० रुपये विकले असतील, तर हातात १२,००० अधिक ११,६०० असे २३,६०० रुपये पडायला हवेत.

दर कसा ठरतो?

हा दर सरकारच्या मर्जीने ठरत नाही, त्यासाठी ठरलेले सूत्र आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाचा श्रम ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्यासाठी देशातील ८८ औद्योगिक केंद्रांमधल्या बाजारांतून भाव गोळा केले जातात. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर या शहरांचा समावेश आहे. सध्याच्या मालिकेत २०१६ या वर्षाचा निर्देशांक १०० धरला आहे.

या निर्देशांकाची मागील १२ महिन्यांची सरासरी घेतात. जुनी आणि नवी मालिका जोडण्यासाठी तिला २.८८ने गुणतात. सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हाचा संदर्भ आकडा २६१.४२ होता. त्याच्या तुलनेत किती टक्के वाढ झाली, तो महागाई सवलतीचा दर. अपूर्णांक सोडून दिला जातो. जुलै २०२४ ते जून २०२५ या काळाची सरासरी सुमारे १४३.६ आली. २.८८ने गुणल्यावर ती सुमारे ४१३.५ होते. २६१.४२च्या तुलनेत ही वाढ ५८ टक्क्यांहून किंचित जास्त भरते, म्हणून दर ५८ टक्के.

‘तीन टक्के वाढ’ म्हणजे पेन्शन तीन टक्क्यांनी वाढली का?

नाही. बातमीतले तीन टक्के मूळ निवृत्तिवेतनाचे असतात, एकूण रकमेचे नाही. वरच्या उदाहरणात अंशराशीकरण केले नसेल, तर एकूण रक्कम ३१,००० वरून ३१,६०० झाली. ही प्रत्यक्ष वाढ दोन टक्क्यांहूनही थोडी कमी आहे. शिवाय ही वाढ आधीच होऊन गेलेल्या महागाईची भरपाई असते. भाव आधी वाढतात, सरासरी नंतर निघते, घोषणा त्याहून नंतर होते. सवलतीने निवृत्तांची खरेदीची ताकद वाढत नाही, ती फार घसरू नये एवढेच साधले जाते.

ही हमीही पूर्णपणे अभेद्य नाही. करोनाकाळात केंद्राने १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले. दर १७ टक्क्यांवरच राहिला. जुलै २०२१ पासून वाढ पुन्हा सुरू झाली, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. त्यातून सुमारे ३४,४०२ कोटी रुपये वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्या काळात निवृत्त असलेले अनेक जण आता हयात नाहीत. या थकबाकीची मागणी संघटना अजूनही करतात.

ईपीएस-९५मध्ये महागाई सवलत का नाही?

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजेच ईपीएस, १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. भविष्य निर्वाह निधीचे सदस्य असलेले खासगी कंपन्या, सहकारी संस्था, साखर कारखाने आणि अनेक महामंडळांचे कर्मचारी तिच्यात येतात. एसटी महामंडळाचे निवृत्त कर्मचारीही याच योजनेत आहेत. देशभरात ७५ लाखांहून अधिक जण तिची पेन्शन घेतात.

मालक पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम या निधीत भरतो, केंद्र सरकार १.१६ टक्के भरते. मात्र हे गणित प्रत्यक्ष पगारावर नसून ठरलेल्या मर्यादेवर होते. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पूर्वी ६,५०० रुपये होती, त्यानंतर १५,००० झाली. पेन्शनचे सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०.

समजा, एक कर्मचारी सप्टेंबर १९९९ मध्ये लागला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ५८व्या वर्षी निवृत्त झाला. त्याचा पगार सतत मर्यादेच्या वर होता. पहिली १५ वर्षे ६,५००च्या हिशेबाने आणि नंतरची १० वर्षे १५,०००च्या हिशेबाने मोजली जातात. २० वर्षांहून जास्त सेवेसाठी मिळणारी दोन वर्षांची वाढीव सेवा धरूनही पेन्शन महिन्याला सुमारे ४,००० रुपयेच होते. शेवटचा पगार ३० हजार असो वा ५० हजार, आकडा हाच. कमी सेवा झालेल्यांची पेन्शन याहून बरीच कमी.

खरा फटका पुढे बसतो. ५८व्या वर्षी ठरलेली ही रक्कम ७८व्या वर्षीही तीच राहते. नोव्हेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काहींना प्रत्यक्ष पगारावर आधारित जादा पेन्शनचा मार्ग खुला झाला. पण तीही एकदा ठरली की महागाईबरोबर वाढत नाही.

सरकारच्याच मोजपट्टीने हिशेब काय सांगतो?

ईपीएसची किमान पेन्शन १,००० रुपये झाली ती १ सप्टेंबर २०१४ पासून. त्या वेळी केंद्रीय निवृत्तांच्या महागाई सवलतीचा दर, सहाव्या वेतन आयोगानुसार, १०७ टक्के होता. त्या दरामागचा निर्देशांक आणि जुलै २०२५च्या दरामागचा निर्देशांक एकाच मालिकेत आणून पाहिले, तर तो या काळात सुमारे १.७२ पट झालेला दिसतो. म्हणजे सरकारी निवृत्तांना जी मोजपट्टी लावली जाते, तीच लावली असती तर २०१४ मधले हजार रुपये जुलै २०२५ मध्ये सुमारे १,७२० व्हायला हवे होते. उलट बाजूने पाहिले, तर जुलै २०२५ मधल्या हजार रुपयांत २०१४ मधल्या ५८० रुपयांइतकाच माल येतो.

केंद्राच्या किमान निवृत्तिवेतनाचा प्रवास याच्या शेजारी ठेवून पाहता येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये ते मूळ ३,५०० आणि १०७ टक्के सवलत मिळून ७,२४५ रुपये होते. सातव्या आयोगानंतर मूळ रक्कम ९,००० झाली. जुलै २०२५च्या ५८ टक्के दराने ती १४,२२० रुपये होते. ११ वर्षांत एक आकडा जवळपास दुप्पट झाला, दुसरा जागचा हललाच नाही. ईपीएसच्या विधवा निवृत्तिवेतनाची किमान रक्कमही १,०००च आहे.

सरकारचे म्हणणे काय?

दोन्ही योजनांत पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतो. केंद्र आणि राज्याचे जुने निवृत्तिवेतन दरवर्षीच्या सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशांतून दिले जाते. ईपीएसची पेन्शन जमलेल्या निधीतून दिली जाते. या निधीचे दरवर्षी मूल्यांकन होते. ३१ मार्च २०१९ रोजीच्या मूल्यांकनात तूट दिसली, असे सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. वर्गणी पगाराच्या मर्यादेपुरती आणि लाभ मात्र आयुष्यभर वाढता, असे गणित या निधीला पेलणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. किमान एक हजाराची हमी देण्यासाठीही केंद्राला अर्थसंकल्पातून वेगळे पैसे द्यावे लागतात.

पेन्शनरांच्या संघटनांचे उत्तर असे, की तूट आहे ती मर्यादा वर्षानुवर्षे कमी ठेवल्याने आणि सरकारी वाटा अपुरा असल्याने. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान पेन्शन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली होती. महागाई सवलतीच्याच मोजपट्टीने ते ३,००० रुपये जुलै २०२५ मध्ये साडेपाच हजारांच्या वर जातात. ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समितीची मागणी किमान ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, अशी आहे. या समितीने डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण चालवले.

बाकीच्या निवृत्तांचे काय?

सरकारी बँकांच्या निवृत्तांना फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशी वर्षातून दोनदा महागाई सवलत मिळते. पण नोकरीतल्यांचा नवा वेतन करार झाला तरी जुन्या निवृत्तांची मूळ पेन्शन त्यानुसार सुधारली जात नाही, ही त्यांची तक्रार आहे. त्यामुळे एकाच पदावरून वेगवेगळ्या दशकांत निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनमध्ये मोठी तफावत दिसते.

राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, निवृत्तीनंतर जमलेल्या पैशांतून विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. बहुतेक पर्यायांत तिची रक्कम आयुष्यभर तीच राहते. दरवर्षी ठरावीक टक्क्याने वाढणारा पर्यायही असतो, पण त्यात सुरुवातीची रक्कम बरीच कमी मिळते. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, त्यामागे हीच भीती होती. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत २५ वर्षांच्या सेवेला मूळ पगाराच्या सरासरीच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई सवलत, अशी हमी आहे.

सर्वांत खालच्या पायरीवर निराधार ज्येष्ठ आहेत. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा २०० रुपये होता. ८० वर्षांखालील लाभार्थ्यांसाठी तो आजही तेवढाच आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झाली. पण ती निर्देशांकाने नव्हे, सरकारच्या निर्णयाने. पुढची वाढही तशीच, पुढच्या निर्णयावर अवलंबून.

निर्देशांक ज्येष्ठांचा खर्च मोजतो का?

ज्यांना सवलत मिळते त्यांचीही एक अडचण आहे. हा निर्देशांक औद्योगिक कामगारांच्या कुटुंबांच्या खर्चावर बेतलेला आहे. त्यात खाद्यपदार्थांचा भार सुमारे ३९ टक्के आणि घराचा सुमारे १७ टक्के आहे. सत्तरीतल्या जोडप्याचा खर्च वेगळा असतो. मुलांच्या शाळेची फी नसते, पण रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि घरी मदतीला ठेवलेल्या बाईंचा पगार असतो. उपचार महागले, तरी निर्देशांकात त्याचे प्रतिबिंब ज्येष्ठांच्या खर्चाच्या प्रमाणात पडत नाही.

केंद्रीय निवृत्तांना सरकारी आरोग्य योजनेचा किंवा दरमहा १,००० रुपयांच्या निश्चित वैद्यकीय भत्त्याचा आधार असतो. हा एकटा भत्ता ईपीएसच्या किमान पेन्शनएवढा आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाल्याने काहीसा दिलासा मिळाला. पण वयाबरोबर वाढणारा मूळ हप्ता त्याने थांबत नाही.

इतर देशांत काय होते?

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा पेन्शन १९७५ पासून आपोआप महागाईशी जोडलेली आहे. खासगी नोकरीतला निवृत्त असो वा दुकानदार, वाढीचा दर एकच. तो २०२३ साठी ८.७ टक्के, २०२५ साठी २.५ टक्के होता, तर २०१६ साठी शून्य. तिथेही तक्रार ओळखीची आहे : निर्देशांक नोकरदारांचा आणि ‘मेडिकेअर’चा हप्ता पेन्शनमधूनच कापला जातो, त्यामुळे वाढीतला काही भाग तिथेच जातो. ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन भाववाढ, सरासरी वेतनवाढ किंवा २.५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी वाढते. त्याचा तिजोरीवरचा भार तिथे कायम वादाचा विषय असतो. दोन्ही देशांत भरपाईचा नियम मालक कोण होता यावर ठरत नाही. भारतात तो त्यावरच ठरतो.

निवृत्तांनी काय तपासावे?

सरकारी निवृत्तांनी पीपीओवरील मूळ निवृत्तिवेतन पाहून सवलत त्यावर मोजली आहे का, ते पडताळावे. अंशराशीकरण केलेला भाग केंद्राच्या नियमानुसार १५ वर्षांनी पूर्ववत होतो. तो झाला का, हे बँकेत विचारावे. केंद्रीय निवृत्तांना वयाच्या ८०व्या वर्षापासून मूळ रकमेच्या २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन मिळते आणि त्यावरही महागाई सवलत लागू होते. बँकेच्या नोंदीत जन्मतारीख चुकीची किंवा रिकामी असेल तर ही वाढ अडकते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीची जन्मतारीखही म्हणूनच तपासून घ्यावी.

ईपीएसच्या सदस्यांनी ५८ वर्षांआधी पेन्शन सुरू करण्याची घाई करू नये. प्रत्येक वर्षासाठी ती चार टक्क्यांनी कमी होते आणि ती कपात कायमची असते. उलट ५८ नंतर दोन वर्षांपर्यंत पेन्शन पुढे ढकलली, तर दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या शाखेतून घेता येते. हयातीचा दाखला मोबाइलवरून ‘जीवन प्रमाण’द्वारे देता येतो, तो चुकला तर पेन्शन थांबते.

जमा पुंजीचाही याच नजरेने विचार करावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज ठरावीक मुदतीपर्यंत स्थिर असते, महागाईबरोबर वाढत नाही. दरवर्षी पाच टक्के भाववाढ धरली, तर न वाढणाऱ्या उत्पन्नाची किंमत साधारण १४ वर्षांत निम्मी होते. साठीत निवृत्त होणाऱ्याने पंचाहत्तरीचा खर्च आजच्या भावाने मोजला, तर हिशेब चुकतोच.

पुढे काय?

निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. नव्या वेतनश्रेणी लागू होतात तेव्हा तोपर्यंतची महागाई सवलत मूळ निवृत्तिवेतनात धरली जाते आणि दर पुन्हा शून्यापासून मोजला जातो. त्यामुळे बातम्यांतला दर एकदम खाली आलेला दिसला, तरी सरकारी निवृत्तांनी घाबरण्याचे कारण नाही.

ईपीएसच्या पेन्शनरांचा प्रश्न या आयोगाच्या कक्षेत येत नाही. तिथली चर्चा प्रामुख्याने किमान रक्कम किती असावी, याभोवती फिरते : ३,००० की ७,५००? पण २०१४चा अनुभव वेगळेच सांगतो. तेव्हाही एक हजाराची घोषणा दिलासा म्हणूनच झाली होती. ती निर्देशांकाला जोडलेली नव्हती, म्हणून ११ वर्षांत तिची किंमत ५८० रुपयांवर आली. उद्या ७,५०० रुपये मंजूर झाले आणि ते महागाईला जोडले गेले नाहीत, तर त्यांचीही झीज त्याच गतीने, पहिल्याच वर्षापासून सुरू होईल.